मोजलेले आणि मानलेले : मानसशास्त्र व शिक्षणशास्त्रातील घटक विश्लेषण

मानसशास्त्राचा किंवा शिक्षणशास्त्राचा शोधप्रबंध उघडला की संशोधन पद्धतीच्या प्रकरणात साधनांची ओळख येते. समायोजन, भावनिक बुद्धिमत्ता, अध्ययन सवयी, शिक्षकांचे कार्यसमाधान अशा ज्या गोष्टीचे मापन करायचे, तिची एखादी प्रमाणित मापनी तिथे नोंदलेली असते. विधाने इतकी, परिमाणे इतकी, विश्वसनीयता इतकी, असा तपशील त्यासोबत असतो. परिमाणे तेवढीच का आणि अमुक विधान त्याच परिमाणात का, याचे समर्थन बहुतेक वेळा घटक विश्लेषण या संख्याशास्त्रीय तंत्राने केलेले असते. हे तंत्र १२० वर्षांहून जुने आहे आणि त्यावरचा वादही जवळपास तितकाच जुना. तो वाद आज कुठवर आला आहे आणि अमरावती-अकोल्याकडच्या संशोधनासाठी त्याचा अर्थ काय, हे इथे क्रमाने पाहू.

तंत्र काय करते

दहावीच्या एखाद्या वर्गाचे गुण पाहिले तर गणितात पुढे असलेली मुले बहुधा विज्ञानातही पुढे असतात. मराठी आणि इतिहासाचेही तसेच. विषय थोडे असतील तर हे संबंध नजरेने दिसतात. चाळीस विधानांच्या प्रश्नावलीत मात्र सहसंबंधांच्या ७८० जोड्या होतात. या जोड्यांमागे थोडेच अव्यक्त घटक आहेत, असे घटक विश्लेषण गृहीत धरते आणि ते घटक शोधते.

एखाद्या चाचणीचा घटकाशी असलेला संबंध म्हणजे घटकभार. दोन चाचण्यांचे एकाच घटकावरचे भार ०.८ आणि ०.७ असतील, तर त्यांच्यातला सहसंबंध ०.५६ यायला हवा. प्रत्यक्षातले सगळे आकडे अशा अपेक्षित आकड्यांच्या जवळ गेले, तर मांडणी टिकली म्हणायची. ०.३ पेक्षा जास्त भाराचे विधान ठेवावे, असा प्रघात आहे. पण ०.३ या भाराचा वर्ग केला तर ०.०९ येतो, म्हणजे त्या विधानाच्या उत्तरांतल्या फरकांपैकी ९ टक्केच घटकाने उलगडतात, बाकीचे ९१ टक्के इतर कारणांचे. प्रघात आणि अर्थ यांच्यातले हे अंतर पुढच्या अनेक वादांच्या मुळाशी आहे.

पार्श्वभूमी

चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्ये शाळकरी मुलांच्या गुणांवरून असा निष्कर्ष काढला की सर्व बौद्धिक कामांमागे एक सामान्य घटक असतो आणि प्रत्येक कामाचा स्वतःचा एक विशेष घटक असतो. सामान्य घटकाला त्याने ‘जी’ हे अक्षर दिले. गॉडफ्री थॉमसनने १९१६ मध्ये दाखवले की मेंदूत सामान्य घटक नसला, असंख्य सुटे छोटे दुवेच असले आणि प्रत्येक चाचणीने त्यांतले बरेच दुवे एकदम वापरले, तरी सहसंबंधांचा तक्ता तसाच दिसू शकतो. एकाच तक्त्यातून दोन परस्परविरोधी कथा निघू शकतात, हा मुद्दा तेव्हापासून या क्षेत्राची पाठ सोडत नाही.

अमेरिकेत एल. एल. थर्स्टनने अनेक घटकांची पद्धत विकसित केली आणि १९३८ मध्ये शाब्दिक आकलन, संख्यात्मक, अवकाशीय, स्मृती अशा प्राथमिक मानसिक क्षमता मांडल्या. पुढे या क्षमताही एकमेकांशी संबंधित असल्याचे दिसले आणि सामान्य घटक वरच्या पातळीवर परत आला. जॉन कॅरोलने ४६० हून अधिक जुन्या अभ्यासांच्या आकडेवारीचे फेरविश्लेषण करून १९९३ मध्ये त्रिस्तरीय रचना मांडली : तळाशी विशिष्ट क्षमता, मध्ये व्यापक क्षमता, माथ्यावर सामान्य घटक. व्यक्तिमत्त्वाच्या क्षेत्रात रेमंड कॅटेलचे सोळा घटक आणि नंतर बहुमान्य झालेले पाच घटक याच वाटेने आले.

१९६९ मध्ये कार्ल योरेस्कोगने पडताळणीच्या घटक विश्लेषणाची पद्धत दिली. तोवर संशोधक आकड्यांना विचारत असे की तुमच्यात घटक किती. आता रचना आधी मांडून आकडे तिच्याशी जुळतात का, हे तपासता येऊ लागले. शोधक आणि पडताळणीचे हे दोन्ही प्रकार आज सोबत नांदतात.

भारतातील आणि महाराष्ट्रातील वाटचाल

स्पिअरमनच्या परंपरेशी भारताचा थेट संबंध लवकर जुळला. लंडनमध्ये त्याच्या हाताखाली शिकलेले एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९२४ मध्ये म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्र विभागाची धुरा घेतली. गणिती बाजूला सी. आर. राव यांचा १९५५ चा ‘सायकोमेट्रिका’तला लेख घटकांचे अनुमान आणि त्यांच्या सार्थकता कसोट्यांबद्दल आजही उद्धृत होतो.

मराठी मुलांच्या बुद्धिमापनाची सुरुवात मात्र घटक विश्लेषणाने झाली नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने पद्धतीच्या चाचण्यांची मराठी व कन्नड रूपे केली. त्यांत मानसिक वयावर आधारलेला एकच अंक होता. अनेक घटकांचा विचार महाराष्ट्रात ठळकपणे रुजवला तो पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने. १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी सुरू केलेल्या या संस्थेने प्रज्ञावंत मुलांच्या निवडीसाठी आणि शिक्षणासाठी जे. पी. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानाचा आधार घेतला. पाच प्रक्रिया, चार आशय आणि सहा फलिते यांच्या गुणाकारातून गिलफर्ड १२० क्षमता मांडत. बुद्धी म्हणजे एक अंक नाही आणि सर्जनशीलतेचेही मापन होऊ शकते, हा विचार मराठी शिक्षणविश्वात पोचवण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

याच प्रतिमानावर १९७३ मध्ये जॉन हॉर्न आणि जे. आर. नॅप यांनी आक्षेप घेतला. गिलफर्ड घटकांचे अक्ष, म्हणजे भार ज्यांवर मोजले जातात त्या दिशा, आधी ठरवलेल्या लक्ष्याकडे फिरवत. तीच रीत वापरून हॉर्न-नॅप यांनी यादृच्छिक रीतीने बनवलेल्या सिद्धान्तांनाही तितकाच ‘आधार’ मिळवून दाखवला. गिलफर्ड यांनी उत्तर दिले, पण १२० स्वतंत्र क्षमतांचा दावा त्यानंतर सर्वमान्य राहिला नाही. अध्यापनात एखादे प्रतिमान उपयोगी पडणे आणि त्यातली रचना आकड्यांनी सिद्ध होणे, या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो, हे या प्रकरणातून दिसते.

वऱ्हाडातील संशोधनाची क्षेत्रे

१ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आजच्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. या भागात घटक विश्लेषणाचा प्रश्न चार ठिकाणी भेटतो.

पहिले ठिकाण मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्राचे. इथल्या कामात तयार मापनी घेण्याची रीत रूढ आहे. मापनी बहुधा इंग्रजी किंवा हिंदीत असते आणि संशोधक तिचे मराठी रूप करतो. भारतात खूप वापरली जाणारी हाइड, पेठे आणि धर यांची भावनिक बुद्धिमत्ता मापनी उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात ३४ विधाने आणि दहा घटक आहेत. मूळ नमुना २०० अधिकाऱ्यांचा होता. काही घटकांच्या वाट्याला दोनच विधाने येतात. वापरायला सोपी आणि भारतीय संदर्भातली, ही तिची जमेची बाजू. दोन विधानांवर उभा असलेला घटक दुसऱ्या नमुन्यात टिकेल का, आणि अधिकाऱ्यांमध्ये सापडलेली रचना बी.एड.च्या विद्यार्थ्यांना लागू पडेल का, हे मात्र दर वेळी नव्याने तपासण्याचे प्रश्न आहेत.

दुसरे ठिकाण शारीरिक शिक्षणाचे. १९१४ पासून चालत आलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या शहरात त्या विषयाची मोठी परंपरा आहे. शारीरिक क्षमतेच्या घटकांचा पाया एडविन फ्लाइशमन यांनी १९६४ मध्ये घातला. इथली अडचण खास आहे : बारा ते सोळा वयाची मुले एकत्र मोजली तर वय, उंची आणि वजन यांमुळेच सगळ्या कसोट्या एकमेकींशी जुळतात, आणि वाढीचा परिणाम ‘सामान्य क्षमता’ म्हणून पुढे येतो.

तिसरे ठिकाण अकोल्याचे. १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या शहरात आहे. कृषी विस्तार शिक्षणात शेतकऱ्यांच्या अभिवृत्तीच्या मापन्या तयार करण्याची देशभर रूढ असलेली रीत अशी : तज्ज्ञांकडून विधानांची छाननी करायची, एकूण गुणांत वरचे आणि खालचे २५ टक्के प्रतिसादक वेगळे काढायचे आणि ज्या विधानाचे टी-मूल्य १.७५ किंवा अधिक असेल ते ठेवायचे. हा निकष एडवर्ड्स यांच्या १९५७ च्या पुस्तकातला. विधान दोन गटांत फरक करते का, हे त्यातून कळते; सर्व विधाने एकच गोष्ट मोजतात की तीन, हे कळत नाही.

चौथे ठिकाण मानसिक आरोग्याचे. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत राबवलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमाचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाला. नैराश्य ओळखण्यासाठी त्यात पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची सूची वापरली होती. ही सूची एकच घटक मोजते, की मनाची लक्षणे आणि झोप, भूक, थकवा अशी शरीराची लक्षणे हे दोन घटक मोजते, यावर जगभरच्या अभ्यासांत मतभेद आहेत. कापूस वेचून घरी आलेल्या माणसाने ‘थकवा वाटतो’ म्हटले, तर ते लक्षण कशाचे मानायचे, हा त्याच मतभेदाचा स्थानिक चेहरा आहे.

घटक किती आणि ते कसे काढावेत

पहिला तांत्रिक वाद मुख्य संघटक पद्धत आणि घटक विश्लेषण यांच्यातला. संघटक पद्धत मूळ आकड्यांचा गोषवारा करते; मागे काही दडलेले आहे, असा तिचा दावा नसतो. वाणांची विविधता तपासताना कृषी संशोधक ती वापरतात, तेव्हा त्यांना गोषवाराच हवा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा संपत्ती निर्देशांकही घरातल्या वस्तूंवरून असाच काढला जातो. मनोमापकाला मात्र मागचा अव्यक्त गुण हवा असतो, आणि मापनातली त्रुटी त्याला वेगळी काढावी लागते. एका पक्षाच्या मते निकाल बहुधा सारखेच येतात, म्हणून हा वाद फुगवलेला आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते विधाने थोडी असली किंवा भार कमी असले की संघटक पद्धत भार फुगवून दाखवते. पाठ्यपुस्तकांचा कल आता दुसऱ्या बाजूला आहे.

दुसरा वाद घटकांच्या संख्येचा. हेन्री कायझर यांचा १९६० चा निकष सांगतो की ज्यांचे आयगेन मूल्य, म्हणजे घटकाने उलगडलेल्या फरकांचे माप, एकपेक्षा जास्त आहे तेच घटक ठेवा. कॅटेल यांनी १९६६ मध्ये आलेखातला उतार जिथे सपाट होतो तिथे थांबण्याची सूचना केली. हॉर्न यांचे समांतर विश्लेषण १९६५ चे : यादृच्छिक आकड्यांतून जेवढे मूल्य येते, त्याहून मोठे असतील तेच घटक खरे धरायचे. कायझर निकष गरजेपेक्षा जास्त घटक देतो, यावर आता बरेच एकमत आहे. तरी तो टिकून आहे, कारण एसपीएसएस या सर्वत्र शिकवल्या जाणाऱ्या प्रणालीत संघटक पद्धत आणि कायझर निकष हेच आधीपासून निवडलेले असतात. समांतर विश्लेषणासाठी आर किंवा जामोवी यांसारख्या मोफत प्रणाली आता कोणत्याही महाविद्यालयात चालू शकतात.

तिसरा वाद अक्ष फिरवण्याचा. लंबकोनी फिरवणीत घटक एकमेकांपासून स्वतंत्र मानले जातात. कायझर यांची १९५८ ची व्हॅरिमॅक्स ही त्यातली सर्वांत वापरातली. तिरकस फिरवणीत घटकांना एकमेकांशी संबंध ठेवू दिला जातो. परीक्षेची चिंता आणि आत्मविश्वास यांच्यात काहीच संबंध नाही, असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. म्हणून तिरकस फिरवणीपासून सुरुवात करावी, हे मत प्रबळ झाले आहे. लंबकोनीच्या बाजूने सांगितले जाते ते सुटसुटीत अर्थ लावण्याच्या सोयीचे कारण.

नमुना आणि विधाने

नमुना किती मोठा असावा? प्रत्येक विधानामागे पाच ते दहा प्रतिसादक, हा नियम सर्वांना पाठ आहे. कॉमरे आणि ली यांनी १९९२ मध्ये २०० ला साधारण, ३०० ला चांगले आणि ५०० ला फार चांगले म्हटले. मॅकॅलम आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या सरधोपट नियमांना छेद दिला : भार जास्त असतील आणि प्रत्येक घटकाला पुरेशी विधाने असतील तर लहान नमुनाही पुरतो, तसे नसेल तर मोठा नमुनाही कमी पडू शकतो.

वऱ्हाडात याला आणखी एक पदर आहे. ३०० विद्यार्थी बहुतेक वेळा मोजक्याच शाळा-महाविद्यालयांतून घेतले जातात. एका शाळेतली मुले एकाच शिक्षकाकडून, एकाच वातावरणात शिकलेली असतात. त्यामुळे त्यांना ३०० स्वतंत्र नोंदी मानता येत नाही. बहुस्तरीय घटक विश्लेषण यावर उपाय देते, पण त्यासाठी शाळांची संख्या पुरेशी लागते.

विधानांच्या बाजूला नकारार्थी वाक्यांचा प्रश्न जुना आहे. रोझेनबर्ग यांच्या आत्मसन्मान मापनीत पाच विधाने होकारार्थी आणि पाच नकारार्थी आहेत, आणि अनेक भाषांत नकारार्थी विधानांचा वेगळाच घटक निघतो. हा खरा मानसिक घटक आहे की वाक्याच्या ठेवणीचा परिणाम, यावर एकमत नाही. ‘मी कशाच्याच कामाचा नाही’ या वाक्यावर ‘पूर्णतः असहमत’ची खूण करायची म्हणजे आठवीतल्या मुलाला दोन नकारांची आकडेमोड करावी लागते. पाच पर्यायांच्या उत्तरांना सलग संख्या मानावे की क्रमवाचक, हाही प्रश्न उरतो. क्रमवाचक मानून वेगळे सहसंबंध काढावेत, याकडे नव्या अभ्यासांचा कल आहे.

पडताळणी आणि गटांची तुलना

पडताळणीच्या विश्लेषणात जुळणीचे निर्देशांक येतात. हू आणि बेंटलर यांनी १९९९ मध्ये सुचवलेल्या मर्यादा, म्हणजे सीएफआय ०.९५ च्या आसपास आणि आरएमएसईए ०.०६ च्या आसपास, लवकरच नियम बनल्या. मार्श आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इशारा दिला की विशिष्ट परिस्थितीतल्या या मर्यादा सगळीकडे सोनेरी नियम म्हणून लावणे धोक्याचे आहे. ज्या नमुन्यात रचना शोधली त्यातच तिची पडताळणी करू नये, यावर मात्र दोन्ही बाजू सहमत आहेत.

त्याहून अवघड प्रश्न गटांच्या तुलनेचा. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याची कोरकू मुले आणि अकोला शहरातली मराठी माध्यमाची मुले यांच्या सरासरींची तुलना करण्याआधी मापनी दोन्हीकडे तेच मोजते का, हे पाहावे लागते. याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : घटकांची रचना तीच का, भार तेच का, विधानांची आरंभमूल्ये तीच का. तिसरी पायरी ओलांडल्याशिवाय सरासरींची तुलना अर्थपूर्ण होत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. त्या मुलांसाठी मराठी प्रश्नावली ही शाळेत शिकलेल्या भाषेतली असते. बोलिव्हियातील त्सिमाने या शेती-शिकारीवर जगणाऱ्या समाजात व्यक्तिमत्त्वाचे प्रसिद्ध पाच घटक सापडले नाहीत, असे मायकेल गर्व्हेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नोंदवले. मानवी रचनाच वेगळी असू शकते, असा एक अर्थ त्यातून काढला जातो. शाळेत न गेलेल्यांसाठी प्रश्नावली हेच साधन अपुरे आहे, असा दुसरा. दोन्ही अर्थ अजून उभे आहेत.

शालेय धोरणालाही हा प्रश्न लागू होतो. राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून काही वर्षे घेतलेल्या कल चाचणीत शेती, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती. सात क्षेत्रे समुपदेशनाच्या सोयीने ठरवता येतात किंवा विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून शोधता येतात. दोन्ही मार्ग वैध आहेत. पण पहिल्या मार्गाने आलेल्या विभागणीला दुसऱ्या मार्गाचा पुरावा आपोआप मिळत नाही.

घटक म्हणजे नेमके काय

सगळे तांत्रिक प्रश्न सुटले तरी एक प्रश्न राहतो. घटक ही माणसात असलेली गोष्ट आहे का? वास्तववादी मतानुसार अव्यक्त गुण हे कारण आहे आणि उत्तरे हे त्याचे परिणाम. तसे मानल्याशिवाय मापनाला अर्थ नाही. साधनवादी मतानुसार घटक हा उपयुक्त गोषवारा आहे, त्याला मेंदूत जागा शोधू नये. स्टीफन जे गूल्ड यांनी १९८१ मध्ये ‘जी’ला वस्तू मानण्याच्या प्रवृत्तीवर टीका केली; गणिती गोषवाऱ्यापलीकडे ‘जी’ने शैक्षणिक यशाचे बरेच भाकीत केले आहे, हे उत्तर त्या टीकेला मिळाले.

तिसरे मत अलीकडचे. हान व्हॅन डर मास आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या क्षमता वाढताना एकमेकींना हातभार लावत असतील, तर सामान्य घटक नसतानाही तसाच तक्ता तयार होतो. डेनी बोर्सबूम आणि त्यांचे सहकारी लक्षणांकडे जाळे म्हणून पाहतात : झोप उडाल्याने थकवा, थकव्याने कामात मन न लागणे. कर्जाच्या चिंतेत असलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत ही साखळी ओळखीची वाटते. पण एकदाच घेतलेल्या नोंदींतून घटक आणि जाळे यांत निवड करणे कठीण असते, कारण दोन्ही प्रतिमाने त्याच आकड्यांशी जुळू शकतात. थॉमसनचा १९१६ चा मुद्दा इथे नव्या गणिताने पुन्हा समोर येतो.

आजची स्थिती

जमेच्या बाजूला बरेच आहे. समांतर विश्लेषण करावे, तिरकस फिरवणीचा विचार आधी करावा, शोध आणि पडताळणी वेगळ्या नमुन्यांवर करावी, गटांची तुलना समतुल्यता तपासूनच करावी : या चार गोष्टींवर जाणकारांत फारसे दुमत नाही. न सुटलेले प्रश्न तीन. जुळणीच्या मर्यादा कुठे लवचिक ठेवायच्या. नकारार्थी विधानांतून निघणाऱ्या घटकाचे काय करायचे. आणि घटक हे कारण, गोषवारा की परस्परसंबंधांचे जाळे.

पहिल्या दोहोंची उत्तरे वऱ्हाडातल्या संशोधनातून काही अंशी मिळू शकतात. त्यासाठी नव्या मापन्यांपेक्षा जुन्याच मापन्यांची रचना इथल्या मुलांवर, शिक्षकांवर, शेतकऱ्यांवर तपासणे अधिक निकडीचे आहे. तिसऱ्या प्रश्नाला त्याच व्यक्तींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतील, आणि ते एका प्रबंधाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. कॅरोलना ४६० हून अधिक अभ्यास पुन्हा तपासता आले, कारण त्यांची मूळ आकडेवारी हाती येण्याजोगी होती. प्रबंध आता शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर जातात. परिशिष्टात प्रश्नावलीचे मराठी रूप आणि सहसंबंधांचा पूर्ण तक्ता दिला, तर अमरावती आणि अकोल्याचे वेगवेगळे छोटे अभ्यास पुढचा संशोधक एकत्र जोडून पाहू शकेल. सरासरी, प्रमाण विचलन आणि टी-मूल्य एवढेच छापले, तर तसे करण्याची वाट बंद होते.